एकानंतर दहा

इंदिराबाईंना कुणी "तुम्हाला नाही जमायचं" असं म्हटलं की त्यांच्या कानशिलाजवळची शीर ताडताड उडायला लागायची. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत एकोणतीस वर्षं त्यांनी रेकॉर्ड सांभाळलं, आणि तेवढ्या काळात बऱ्याच साहेबांनी ती शीर पाहिली. जे शहाणे होते ते पुढच्या वेळी जपून बोलले. जे नव्हते त्यांच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी इंदिराबाईंच्या टपोऱ्या अक्षरातला अर्ज असायचा, वर "विषय" आणि खाली "संदर्भ" असं सगळं रीतसर लिहिलेला.

घरात मात्र ही शीर त्यांनी तीस वर्षं पदराखाली झाकली. नवरा वेणीमाधव गुरुजी, रामकुंडावरचे तीर्थपुरोहित. राहायचे इंदिरानगरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, आणि पहाटे स्कूटरला किक मारून गोदेच्या काठावर जायचे. गावोगावचे यजमान पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घराण्याकडे यायचे. आले की आपल्या वाडवडिलांची नावं वहीत पाहायचे, नवीन जन्मलेल्यांची, गेलेल्यांची नावं लिहवून घ्यायचे. गुरुजींचं अक्षर असं की स्वतःलाही लागू नये. म्हणून लग्नाच्या चौथ्या वर्षापासून त्या वह्या इंदिराबाईंच्या हातात आल्या. कुणाच्या घरात कोण गेलं, कुणाला नातू झाला, कुठल्या भावानं वेगळं बिऱ्हाड केलं, सगळं त्यांनी लिहिलं. विधीला मात्र एकदाही गेल्या नाहीत. बायकांनी काठावर यायचं नसतं. का नसतं? शास्त्रात तसं आहे. पुढं विचारायचं नाही. हे उत्तर तीस वर्षांत त्यांनी इतक्यांदा ऐकलं की विचारायचं त्यांनी सोडून दिलं.

सन दोन हजार सातच्या माघात गुरुजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर वाचा गेली. समजायचं सगळं. डावा हात चालायचा. पलंगाशेजारी एक काठी ठेवली होती, काही हवं असलं की ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर ती आपटायचे. इंदिराबाईंनी नोकरीची उरलेली तीन वर्षं सोडली आणि घरी बसल्या.

चैत्रात चुलतदीर त्र्यंबक आले. तेही काठावरचेच. चहा घेतला, गुरुजींची चौकशी केली, आणि मग मुद्द्यावर आले.

"वहिनी, दादांच्या वह्या आता माझ्याकडे असू द्या. यजमान यायला लागतील. वही कपाटात आणि माणूस पलंगावर, असं कसं चालेल?"

काठावरची रीतच आहे, जो विधी करतो त्याच्याकडे वही. त्र्यंबकरावांचं बोलणं रीतीला धरून होतं. इंदिराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गुरुजींनी डावा हात उचलला आणि कपाटाकडे बोट दाखवलं. देऊन टाक.

त्या बोटाचं इंदिराबाईंना जेवढं लागलं तेवढं आजवर कशाचं लागलं नव्हतं. सव्वीस वर्षांची नावं होती त्या वह्यांत, आणि एकेक नाव त्यांच्या हातचं होतं.

"वह्या कुठं जाणार नाहीत," त्या म्हणाल्या.

"मग विधी कोण करणार?"

"मी."

त्र्यंबकराव हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलानं विमान चालवतो म्हटल्यावर मोठी माणसं हसतात तसे हसले. "वहिनी, तुम्हाला नाही जमायचं."

झालं. शीर उडाली.

ठरलं ते असं. पितृपक्षातल्या दशमीला सटाण्याकडचे खंडेराव येतात, वडिलांच्या श्राद्धाला. वर्षातले पहिले मोठे यजमान. खंडेरावांचा विधी इंदिराबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक केला, तर वह्या घरात राहतील. एक जरी चूक झाली, तर त्र्यंबकराव त्याच दिवशी टेम्पो आणून वह्या घेऊन जातील. हे ठरत असताना गुरुजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

आता शिकायचं कुणाकडून? नवरा बोलू शकत नव्हता, आणि बोलू शकला असता तरी शिकवलं नसतं. काठावर जाऊन विचारावं तर त्र्यंबकरावांनाच हसू फुटणार. पण माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सात कॅसेटी होत्या. अकरा वर्षांपूर्वी त्र्यंबकरावांचा मुलगा गौरांग विधी शिकायला येत असे. त्याला घरी पाठ करता यावं म्हणून गुरुजींनी श्राद्धाचे सगळे मंत्र टेपवर म्हणून ठेवले होते. सात कॅसेटी, चौदा बाजू, एकेका बाजूवर एकेक भाग. मंत्र तेवढे. हातानं काय करायचं ते गुरुजी समोर बसवून दाखवत. गौरांग दोन वर्षं शिकला, मग कॉम्प्युटरचं शिकायला पुण्याला पळाला तो पळालाच. टेपरेकॉर्डरही केव्हाचा भंगारात गेला होता.

शहरातल्या द्वारका चौकात दिनेशचं दुकान होतं. मोबाइलची कव्हरं, रिमोट, कॅल्क्युलेटर, आणि काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेले बोटाएवढे एमपीथ्री प्लेअर. इंदिराबाईंनी कॅसेटींची पिशवी काउंटरवर ठेवली.

"हे सगळं त्या बोटाएवढ्या यंत्रात मावेल?"

"काकू, अशा शंभर पिशव्या मावतील," दिनेश म्हणाला. "पेन्सिल सेलवर चालतो. भाच्यासाठी का?"

"माझ्यासाठी."

दिनेशनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि दोन दिवसांनी सगळं भरून दिलं. गौरांगनं कॅसेटीवर लिहिलेले एक ते चौदा आकडे त्यानं तसेच घातले. यंत्राच्या इवल्याशा काचेवर फक्त कितवा भाग चालू आहे एवढं दिसायचं, चौदापैकी पहिला, चौदापैकी दुसरा.

पहिल्याच आठवड्यात इअरफोनच्या उजव्या बोळ्यातला आवाज गेला. इंदिराबाई परत गेल्या. दिनेशनं मागच्या पाटीकडे बोट दाखवलं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. इंदिराबाईंनी पर्समधून कागद काढला आणि तिथंच उभ्यानं लिहायला घेतला. विषय, सदोष कर्णयंत्राबाबत. संदर्भ, आपली पावती क्रमांक अमुक. "काकू, हे काय करताय?" "तक्रार करतेय. एक प्रत तुम्हाला, एक मला, एक ग्राहक मंचाला." तिसरी प्रत लिहून व्हायच्या आत दिनेशनं नवे इअरफोन काढून दिले, चांगले, निळ्या डबीतले.

मग पाठांतर सुरू झालं. सकाळी गुरुजींचं अंग पुसून, चहा पाजून झाला की इंदिराबाई स्वयंपाकघरात भाजी घेऊन बसत. कानात बोळे. त्यातून नवऱ्याचा आवाज यायचा, तरुण, ठणठणीत, खर्ज लावलेला. बाजूच्या खोलीत तोच माणूस मुका पडलेला होता, आणि त्याच्या मर्जीविरुद्ध त्याचाच आवाज त्यांना शिकवत होता. इंदिराबाईंना याचं कधी रडू यायचं, कधी गंमत वाटायची. एक भाग ऐकायचा, बोळे काढायचे आणि मोठ्यानं म्हणायचा.

आणि त्यांचं म्हणणं थोडं पुढं सरकलं रे सरकलं की पलीकडून काठी आपटायची.

पहिल्या दिवशी त्या धावत गेल्या. पाणी हवंय? नाही. कूस बदलायची? नाही. गुरुजी डोळे वटारून पाहत होते आणि डावा हात जोरजोरानं हलवत होते, नाही, नाही, नाही.

इंदिराबाईंना जे समजायचं ते समजलं. बाई म्हणतेय म्हणून सहन होत नाही.

"आपटा," त्या म्हणाल्या. "किती आपटायचं ते आपटा. तुमच्या तोंडचंच म्हणतेय, माझ्या मनचं काही नाही."

त्या दिवसापासून त्यांनी आवाज वाढवला. पूर्वी गुणगुणायच्या, आता दार उघडं टाकून खणखणीत म्हणू लागल्या. पलीकडून काठी, अलीकडून मंत्र. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा येऊन विचारलं की सुतारकाम काढलंय का. आषाढ गेला, श्रावण गेला. इंदिराबाईंचं अंग हट्टानं भरून गेलं होतं. झोपेतसुद्धा त्यांचे ओठ हलायचे.

एक शंका मात्र त्यांना सुरुवातीपासून होती. शाळेत संस्कृत झालेलं होतं, अर्थ बऱ्यापैकी लागायचा. दुसऱ्या भागात पिंडांना गंध-फूल वाहायचे मंत्र, आणि पिंड ठेवायचे मंत्र पार शेवटाकडे. सहाव्या भागात पितरांना निरोप देऊन झाला, आणि सातव्यात त्यांना यायचं आमंत्रण. हे कसं काय? पण मग लगेच तीस वर्षांची सवय पुढं यायची. शास्त्रात असेल तसं. असेल काहीतरी गूढ, आपल्याला काय कळतंय. कचेरीत साधी तारीख चुकली तरी साहेबाला जाब विचारणारी ही बाई, इथं मुकाट मान डोलवत होती. सवय फार वाईट. इंदिराबाईंना पुढं याचाच सगळ्यात जास्त राग आला, आणि तो स्वतःचा आला.

भाद्रपदात, गौरी नुकत्याच उठल्या होत्या, दशमीला पंधरवड्याहून थोडेच जास्त दिवस होते. त्या दिवशी इंदिराबाई गवार निवडत होत्या आणि सहज म्हणून मधूनच सुरू केलं. काचेवरच्या सातव्या भागापासून. सातवा झाला, आठवा झाला, नववा झाला. गवार संपली. चौदावा झाला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की काठी वाजलीच नाही.

त्या घाबरून उठल्या. गुरुजी टक्क जागे होते. छताकडे पाहत होते. चेहरा शांत, काही दुखतंय असंही नाही.

इंदिराबाई दारात उभ्या राहिल्या. बाई म्हणतेय म्हणून राग असता तर आताही आला असता. त्यांनी पहिला भाग म्हणायला घेतला. गुरुजी हलले नाहीत. पहिला संपला. दुसऱ्याचं पहिलं पद तोंडातून निघतंय तोच काठी, धाडकन.

त्या जमिनीवर बसल्या. मग उठून कागद-पेन्सिल आणली आणि पलंगाजवळ खुर्ची ओढली. पहिल्यानंतर तिसरा म्हणून पाहिला. काठी. पहिल्यानंतर चौथा. काठी. पाचवा, सहावा, काठी. पहिल्यानंतर सातवा म्हटला.

काठी उचललेली होती. ती तशीच राहिली आणि हळूच खाली आली.

एक वाजेपर्यंत त्यांनी सगळं तपासून काढलं. जेवणाकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. कुठल्या भागानंतर कुठला, एकेक जोडी म्हणायची आणि काठीकडे पाहायचं. चुकलं की धाडकन, बरोबर असलं की शांतता. कागदावर शेवटी सरळ ओळ तयार झाली. पितर आधी येत होते, मग बसत होते, मग पिंड, मग गंध-फूल, आणि सगळ्यात शेवटी निरोप. कुठंही काही गूढ नव्हतं. कुणाही शहाण्या माणसानं पाहुण्याचं करावं तसंच होतं.

"म्हणजे अडीच महिने तुम्ही हेच सांगत होतात," इंदिराबाई म्हणाल्या.

गुरुजींनी डोळे मिटले.

"आणि मला वाटलं, मी म्हणते म्हणून." त्यांना एकदम भरून आलं. "मग आता तर हरकत नाही ना?"

गुरुजींनी डोळे उघडले, बायकोकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. क्रम चुकलेला त्यांना ऐकवत नव्हता, एवढंच. बाकी ते होते तिथंच होते.

इंदिराबाईंनी डोळे पुसले. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मीही परवानगी मागितलेली नाही. क्रम विचारला."

दुपारी त्या द्वारकेला दिनेशच्या काउंटरपुढे उभ्या होत्या. दिनेशनं यंत्र कॉम्प्युटरला जोडलं आणि यादी दाखवली. एक, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, दोन, तीन.

"बरोबरच आहे की," दिनेश म्हणाला. "मशीन असंच लावतं काकू. एकानंतर दहा. एकाचं घराणं आधी, मग दोनाचं. सगळ्या पीसला असंच आहे."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"इतके पीस विकले, आजवर कुणाची तक्रार नाही आली. लोक गाणी ऐकतात. कुठलंही आधी लागलं तरी काय बिघडतं?"

"गाणी कशीही लागली तरी गाणीच राहतात. माझे पितर जेवायच्या आधी हात धुऊन घरी चाललेत." इंदिराबाईंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. "आमच्या कचेरीत पहिल्या फायलीवर एक नाही लिहायचे. शून्य-शून्य-एक लिहायचे. का, ते आज कळलं. आकड्याआधी शून्य लावा. एकापासून नवापर्यंत."

"काकू, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"मीही गिऱ्हाईकच आहे. अडीच महिन्यांपासून खोळंबलेय."

दिनेशनं त्यांच्या पर्सकडे पाहिलं, त्यातून डोकावणाऱ्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं, आणि निमूटपणे नऊ शून्यं लावून दिली.

उरलेले दिवस त्यांनी घासूनपुसून नवी घडी बसवली. जिभेला जुना क्रम इतका बसला होता की पहिला संपला की ती आपोआप दहाव्याकडे वळायची. मग त्या स्वतःच थांबायच्या आणि परत पहिल्यापासून सुरुवात करायच्या. हातानं काय करायचं ते मंत्रातच होतं, अर्थ लावून लावून त्यांनी तेही बसवलं. पलीकडची खोली गप्प होती. त्यांनी आत जाऊन काही विचारलं नाही.

दशमीला ऊन नुकतंच वर आलं होतं. शेजारच्या बाईंना गुरुजींजवळ बसवून इंदिराबाई काठावर गेल्या. दर्भ, तीळ, तांदूळ मांडून बसल्या तेव्हा आजूबाजूच्या दोन-तीन ठिकाणचे मंत्र अर्ध्यावर थांबले. कुणीतरी खाकरलं. त्र्यंबकराव हात मागं बांधून उभे होते. खंडेराव आले, सत्तरी ओलांडलेले, पांढरी टोपी, उन्हानं रापलेला माणूस. त्यांनी इंदिराबाईंकडे पाहिलं, मग त्र्यंबकरावांकडे.

"काका, मी तुमच्याकडे आहे," त्र्यंबकराव घाईनं म्हणाले. "वहिनींनी हट्ट धरलाय, पण तुमच्या वडिलांचं काम आहे. सांगा तसं."

खंडेराव इंदिराबाईंकडे वळले. "मन्हा बापनं नाव वहीमा कोन्ही लिखेल शे?"

"मी," इंदिराबाई म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशी सालच्या पौषात. तुम्ही सांगत होतात आणि मध्येच तुमचा आवाज गेला. आईचं नाव तुमच्या धाकट्या भावानं सांगितलं."

खंडेरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि समोरच्या पाटावर बसले. "मंग तुम्हीच करा. माले चाली."

त्र्यंबकराव जवळ सरकले. "वहिनी, आणि गळ्यात ते काय? यंत्र सांगणार आणि तुम्ही म्हणणार? हे श्राद्ध झालं?"

कानात काहीच नव्हतं. यंत्र गळ्यात लटकत होतं, धीर म्हणून बरोबर आणलेलं. इंदिराबाईंनी ते काढलं, बटण दाबलं आणि इअरफोन त्यांच्या हातात दिले.

"घ्या. तुमच्या दादांचा आवाज आहे. मी पाठ म्हणते, तुम्ही ऐका. चूक निघाली की तिथंच थांबवा आणि वही घेऊन जा."

चारचौघांत आता मागं फिरणं त्र्यंबकरावांना शक्य नव्हतं. त्यांनी एक बोळा एका कानात घातला, दुसरा कान मोकळा ठेवला. वायर आखूड. त्यामुळं त्यांना इंदिराबाईंच्या अगदी बाजूला उकिडवं बसावं लागलं, यंत्र एका हातात धरून. काठावरची चार माणसं हसली.

इंदिराबाईंनी आचमन केलं, संकल्प सांगितला. पहिला भाग संपला. जीभ दहाव्याकडे वळायला बघत होती. त्यांनी खंडेरावांच्या तळव्यात पाणी घातलं आणि दुसरा भाग सुरू केला. मग भीती गेली. पितरांना आमंत्रण दिलं, आसन दिलं, पाणी दिलं. पिंड ठेवताना बापाचं, आजाचं, पणज्याचं नाव वहीत न पाहता घेतलं. खंडेरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्र्यंबकराव एका कानानं भाऊ आणि दुसऱ्या कानानं वहिनी ऐकत होते, आणि दर थोड्या वेळानं यंत्र थांबवून वहिनी पुढं येईपर्यंत वाट पाहत होते, कारण दादा म्हणायचे भरभर आणि वहिनी यजमानाला अर्थ सांगत सांगत चालल्या होत्या. बाराव्या भागापर्यंत त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं.

निरोपाचा मंत्र झाला. त्र्यंबकरावांनी बोळा काढला.

"काय निघालं?" इंदिराबाईंनी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. यंत्र परत देत म्हणाले, "पण काठावरची मंडळी ऐकून घेणार नाहीत, वहिनी. आज ना उद्या अडवतील."

"अडवू देत. उद्या पिंपळगावचे द्राक्षवाले आहेत. त्यांनाही इथंच बसवणार आहे."

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून वही काढली. खंडेरावांच्या पानावर दरवर्षीची नोंद असायची, तिथी, यजमान, आणि शेवटी "हस्ते" म्हणून विधी करणाऱ्याचं नाव. सव्वीस वर्षं त्या जागी त्यांनी नवऱ्याचं नाव लिहिलं होतं. आज त्यांनी लिहिलं, हस्ते इंदिरा.

वही उघडी धरूनच त्या गुरुजींच्या खोलीत गेल्या आणि पान त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं.

"बिनचूक झालं. त्र्यंबकभाऊजींनी ऐकलंय. वाचा."

गुरुजींनी वाचलं. शेवटच्या शब्दापाशी त्यांची नजर थांबली आणि कपाळाला आठी पडली. मान भिंतीकडे वळायला लागली.

"भिंतीकडे बघू नका," इंदिराबाई म्हणाल्या. "तीस वर्षं तुम्ही सांगितलं ते ऐकलं. तुम्हाला हे पटत नाही, मला माहीत आहे. पटलं नाही म्हणून होत नाही, असं मात्र आता नाही. डावा हात चालतो तुमचा. खोडायचं असेल तर खोडा."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पेन गुरुजींच्या डाव्या हातात दिलं आणि वही त्यांच्या छातीवर टेकवून धरली.

गुरुजींनी पेन घट्ट धरलं. निब पानाजवळ गेलं, नावावर आलं. इंदिराबाईंनी वही जराही मागं घेतली नाही. खालून रिक्षा गेली, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग गुरुजींची बोटं सैल झाली आणि पेन चादरीवर पडलं. ते बायकोकडेच पाहत राहिले.

इंदिराबाईंनी टोपण लावलं. चादरीवर शाईचा एक डाग पडला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला आणि उद्याचे तीळ निवडायला घेतले.